वैद्यकीय शब्दांचा क्लास, दांडिया बाजार, बडोदा: सर उत्तम, नोट्स टाकाऊ

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हायपोकॅलेमिया (रक्तात पोटॅशियम कमी), हिमॅच्युरिया (लघवीत रक्त) असले शब्द रोज रिपोर्टवर टाइप करते, पण ते कुठून आले याच्या वाटेला कधी गेले नव्हते. लॅबमधल्या ट्रेनी मुलीने या क्लासला नाव घातलं, तिच्यामागोमाग मीही गेले. जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी दोन तास, कोर्स तीन महिन्यांचा, फी १,८०० रुपये. शिकवणारे सर ॲनाटॉमी शिकवून निवृत्त झालेले. बोलणं आपलं बडोद्याचं, मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपणारं.

सर याद्या पाठ करून घेत नाहीत. शब्द शेवटाकडून सोडवायला लावतात. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं, टॉमी म्हणजे नुसता छेद, स्टॉमी म्हणजे तोंड करून ठेवणं. मग फळ्यावर कोलेक्टॉमी, कोलॉटॉमी, कोलॉस्टॉमी एकाखाली एक लिहून विचारतात, कुठल्या पेशंटचं आतडं गेलं? नर्सिंगच्या मुलींनी निव्वळ यासाठी यावं.

मला स्वतःला रमवलं ते लॅबमधल्या शब्दांनी. किडनीला ग्रीकमध्ये नेफ्रॉस, लॅटिनमध्ये रेन. म्हणून टेस्ट रीनल फंक्शनची आणि डॉक्टर मात्र नेफ्रोलॉजिस्ट. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम. त्याचं मूळ अरबीत, खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेच्या नावात. हायपोकॅलेमियातला 'कॅल' तो. आणि सीरम! लॅटिनमध्ये सीरम म्हणजे दूध फाटलं की सुटणारं पाणी. श्रीखंडासाठी चक्का टांगल्यावर खाली गळतं तेच. गोठलेल्या रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून काढली की वर तशीच पिवळसर निवळ दिसते, आणि हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

सर सगळ्यात खुलतात ते जुन्या वैद्यांच्या चुकांवर. मेलेल्या माणसाच्या धमन्या बहुधा रिकाम्या सापडत, तेव्हा त्यांतून हवा वाहते असा प्राचीन ग्रीकांचा समज. आर्टेरिया हा शब्द श्वासनलिकेलाही चाले. पुढे रोमन काळातल्या गॅलेन या वैद्याने धमनीत रक्तच असतं हे दाखवलं, नाव तसंच राहिलं. श्वासनलिका वेगळी ओळखू यावी म्हणून तिला 'खरबरीत आर्टेरिया' म्हणत, त्यातला 'खरबरीत' तेवढा उरला: ट्रेकिया. मलेरियाचंही तसंच. इटालियन 'माला आरिया', वाईट हवा. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी सापडला १८९७ साली, तोवर रोगाचं नाव पक्कं झालं होतं. या भागात दोन तास कुठे गेले कळलं नाही.

आता तक्रार. झेरॉक्स नोट्सचे २५० रुपये वेगळे घेतात आणि त्या कुठून उचलल्यात देव जाणे. ज्युलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून सिझेरियन, असं त्यात छापलंय. वर्गात सरच सांगतात की त्या काळी हे ऑपरेशन मेलेल्या किंवा मरू घातलेल्या बाईवर होई, आणि सीझरची आई तर तो मोठा झाल्यावरही हयात होती. मग तुमच्याच नोट्समध्ये हे कसं? विचारलं, तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "ताई, ते जुनं छापलेलं आहे, चालवून घ्या ने."

दुसरं, आपल्या शब्दांना सर फार घाईत उरकतात. डायबिटीसला मेलिटस, म्हणजे मधाळ, हे शेपूट इंग्रज डॉक्टर थॉमस विलिसने सतराव्या शतकात लावलं असं म्हणतात, यावर चांगला अर्धा तास. आपल्या आयुर्वेदाच्या संहितांत मधुमेह त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, त्याला एक वाक्य. ज्या गावात सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश करवून घेतला, तिथे हे खटकतं. पेशंट काउंटरवर येऊन 'कावीळ' म्हणतो, 'जॉन्डिस' म्हणजे फ्रेंचमध्ये पिवळेपणा हे त्याला सांगून काय करू?

मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेवाल्या मुलांनी जाऊ नये, एमसीक्यूचा इथे काही संबंध नाही. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), नर्सिंग, फार्मसी, मेडिकल कोडिंगवाल्यांनी जरूर जावं, नोट्स न घेता जाड वही घेऊन. जिना उभा आहे, लिफ्ट नाही. गाडी सूरसागर तलावाच्या बाजूला लावून चालत या, वाड्यासमोर लावली तर शेजारचे काका हवा सोडतात. पाचपैकी चार.