हायड्रोजन लाइन रेडिओ किट: वावरातून परग्रहवासी ऐकू येतात का?

परग्रहवासीयांचा निरोप पकडायचा म्हणून कोणी हे किट मागवत असेल, तर मागवू नका. तो निरोप आजवर का आला नाही, हे स्वतः मोजून समजून घ्यायचं असेल, तर मात्र दहा हजारांच्या आसपास याहून चांगली वस्तू मिळणं कठीण आहे. (माल आयातीचा असल्यामुळे डॉलरचा भाव आणि कर यांवर किंमत खालीवर होते.)

खोक्यात तीनच गोष्टी येतात: एक आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत बसणारा रेडिओ रिसीव्हर), १४२० मेगाहर्ट्झचा फिल्टर बसवलेला लो-नॉइज ऍम्प्लिफायर म्हणजे एलएनए (स्वतःचा गोंगाट फारसा न मिसळता क्षीण संदेश, म्हणजे सिग्नल, मोठा करणारा), आणि एसएमए कनेक्टरच्या दोन आखूड केबली. अँटेना येत नाही. ती तेलाच्या रिकाम्या पिप्यातून गावातच बनते.

१४२० का, ते आधी. विश्वात सगळ्यात जास्त असलेला हायड्रोजनचा अणू १४२०.४०६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटीमीटरच्या लहरीवर, स्वतःहून बारीक आवाज देतो. कुठल्याही ग्रहावरच्या रेडिओ जाणणाऱ्यांना हा आकडा माहीत असणार, म्हणून निरोप याच्याच आसपास शोधावा, असं कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सुचवलं. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथून टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे डिश रोखली. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथं प्रक्षेपणाला बंदी आहे. त्यामुळे या पट्ट्यात मोबाइल टॉवरच्या गर्दीतही ऐकण्यासारखं काही उरलं आहे.

पिपा १५ किलोचा चौकोनी घ्या, बाजू २३ ते २४ सेंटीमीटरची. एक तोंड पूर्ण कापून काढा, तळ शाबूत ठेवा. आतलं तेल धुण्याच्या सोड्यानं काढा. तेलकट पत्र्याला सोल्डर धरत नाही. एका बाजूच्या बरोबर मध्यावर, बंद तळापासून ५.९ सेंटीमीटरवर भोक पाडून एसएमए कनेक्टर बसवा. त्याच्या मधल्या पिनला २ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सोल्डर करा, आत ५ सेंटीमीटर राहील अशी. ५.९ हा आकडा या मापाच्या पिप्याचाच आहे. डबा बदलला की तोही बदलतो. तार मध्यापासून सरकली तर एवढ्या रुंद पिप्यात लहरींचे नको असलेले प्रकारही उठतात आणि संदेश त्यांत वाटला जातो, म्हणून टेप लावून दोन्हीकडून मोजा. पिप्याच्या तोंडाला जस्ती पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलेल्या थर्माकोलचा कर्णा जोडा, पुढचं तोंड ७५ बाय ६० सेंटीमीटर. जोडावर फॉइल दोन-तीन सेंटीमीटर एकमेकांवर चढलेलं हवं. असा कर्णा आकाशाचा साधारण १६ ते २० अंशांचा तुकडा एका वेळी ऐकतो.

एलएनए पिप्याच्या कनेक्टरलाच लावा, मध्ये लांब केबल नको. आधी मीटरभर केबल आणि मग एलएनए ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे: केबलमध्ये विरलेला संदेश नंतर कितीही मोठा केला तरी परत येत नाही, गोंगाटच मोठा होतो. एलएनएला वीज डोंगलमधूनच केबलनं जाते, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बायस-टी चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर किट मुकं असतं आणि खराब माल आला असं वाटतं. विंडोजवर झॅडिग या प्रोग्रॅमनं ड्रायव्हर बसवताना यादीतून ‘बल्क-इन, इंटरफेस झिरो’ हेच निवडा. घाईत माउसचा ड्रायव्हर बदलला की माउस चालेनासा होतो.

किट जिवंत आहे का, ते एका मिनिटात कळतं. कर्ण्याचं तोंड आकाशाकडे करून गोंगाटाची पातळी लिहा, मग तोंड जमिनीकडे वळवा. जमीन गरम, आकाश थंड. पातळी किमान दोन-तीन डेसिबलनं चढलीच पाहिजे. चढली नाही तर बायस-टी, सोल्डर आणि कनेक्टर याच क्रमानं तपासा.

आता खरी गोम. सॉफ्टवेअरमध्ये १४२०.१ मेगाहर्ट्झ लावलं, रुंदी २.४ मेगाहर्ट्झ ठेवली आणि पाच-दहा मिनिटांची सरासरी काढली की पडद्यावर एक गुबगुबीत उंचवटा दिसतो. बहुतेक जण तिथंच टाळ्या वाजवतात. तो उंचवटा डोंगलच्या स्वतःच्या फिल्टरचा असतो. पडताळा सोपा आहे: मध्य ३०० किलोहर्ट्झनं सरकवा. उंचवटाही खिडकीबरोबर सरकला तर तो यंत्राचा, १४२०.४ लाच चिकटून राहिला तर आकाशाचा. आकाशाचा उंचवटा एक-दीड डेसिबलचा, कधी त्याहूनही कमी असतो. पिप्याच्या जागी ५० ओहमचा टर्मिनेटर (आकाश न ऐकणारं टोपण) लावून एक कोरी नोंद घ्या आणि ती वजा करा, म्हणजे तो स्पष्ट उठतो. हा टर्मिनेटर किटमध्ये देत नाहीत, ही किटची मोठी उणीव. वेगळा मागवा.

विदर्भाच्या अक्षांशावर कर्णा थेट डोक्यावर, ओळंब्यानं सरळ करून ठेवला तर आकाशगंगेचा पट्टा दिवसातून दोनदा त्याच्या समोरून जातो. जानेवारीच्या सुरुवातीला एकदा रात्री साडेअकराच्या सुमारास आणि एकदा दुपारी सव्वाएकच्या सुमारास. रेडिओला उजेडाचं वावडं नाही. रात्रीचा पट्टा आकाशगंगेच्या बाहेरच्या बाजूचा, तिथला हायड्रोजन आपल्याकडे येतही नाही आणि दूरही जात नाही, म्हणून उंचवटा अरुंद येतो. दुपारचा रुंद, शेपटीसकट येतो, कारण तिथं वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे आकाशगंगेचे फाटे एकामागे एक आहेत. फ्रिक्वेन्सीतला ४.७४ किलोहर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला १ किलोमीटरचा वेग. तेलाच्या पिप्यातून आकाशगंगा फिरताना मोजता येते, यासाठी तरी हे किट जिल्हा परिषदेच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत असावं.

डोंगल घेताना आत टीसीएक्सओ म्हणजे तापमान बदललं तरी फारसं न ढळणारं घड्याळ आहे का, हे वेबसाइटवरच्या वर्णनात बघा. चांगल्या नगाची चूक दहा लाखांत एक असते, १४२० वर जेमतेम १.४ किलोहर्ट्झ. स्वस्त नकलेत ती पन्नासपट निघू शकते. मग वेगात सेकंदाला १५ किलोमीटरचा घोळ होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टिनाखाली ठेवलेला डोंगल हाताला चटका देईल इतका तापतो. त्याला सावलीत, हवेशीर ठेवा आणि मोजणीआधी अर्धा तास चालू राहू द्या.

परग्रहवासीयांचा प्रश्न इथून पुढे लागतो, कारण आकाशाआधी गाव ऐकू येतं. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी वावराच्या धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनचंच उदाहरण घ्या. तार मोकळी असेल तर त्रास नाही. पण गवत किंवा कललेली पऱ्हाटी तारेला टेकली की ठिणगी उडते, आणि वॉटरफॉलवर (पडद्यावर वेळेनुसार खाली सरकत जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रावर) सेकंद-सव्वा सेकंदाला या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ पडते. नेमका ठेका, एकसारखं अंतर, रात्रभर. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना असाच १.३३ सेकंदांचा ठेका सापडला होता, त्याला गमतीनं ‘हिरवी माणसं’ असं नावही पडलं. तो निघाला पल्सार, वेगानं फिरणारा मेलेला तारा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे छळणारे काही झटके २०१५ मध्ये तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. ओव्हन थांबायच्या आधी दार उघडलं की ते उठायचे. म्हणजे चूक मोठ्या दुर्बिणींकडूनही होते. फरक इतकाच, की त्या ती शोधून काढतात.

शोधायची रीत या किटवरही चालते, आणि ती घड्याळाची आहे. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबानं एक फेरा २३ तास ५६ मिनिटांत पुरा करते. म्हणून आकाशातली कुठलीही गोष्ट रोज जवळपास चार मिनिटं आधी येते, आठवड्यात अर्धा तास, महिन्यात दोन तास. कृषी फीडरची थ्री फेज लाइन मात्र वेळापत्रकानं येते, आणि ती आली की वावरावावरातल्या मोटारी, स्टार्टर, डीपीचा गुणगुणाट आणि एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर एकदम उठतात. जो संदेश रोज त्याच वेळी येतो, तो महावितरणच्या वेळापत्रकाचा. जो रोज चार मिनिटं आधी सरकतो, तो आकाशाचा. दुसरी खूण: कर्णा स्थिर असला तर आकाशातली एकच वस्तू त्याच्या समोरून जायला तासाभराच्या वर लागतो, संदेश हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. एकदम उगवून एकदम मावळला तर तो आपलाच. १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोच्या बिग इअर दुर्बिणीला मिळालेला ‘वॉव’ संदेश आजही बोलला जातो तो याचमुळे: तो ७२ सेकंद राहिला आणि नेमका त्या दुर्बिणीच्या झोतातून आकाश सरकतं तसाच चढला-उतरला. पण पुन्हा कधी आला नाही, म्हणून त्याचा निकाल लागलेला नाही.

लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर काढून ठेवा. सोलर पंपाच्या कंट्रोलरपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. यूएसबी केबलवर गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी चढवा.

हे सगळं वजा करून उरतं ते आकाश. मग त्यात कोणी बोलत असेल तर या पिप्याला ऐकू येईल का? हिशेब असा. पोर्तो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीचं रडार झोतात एकवटून २० टेरावॅटच्या तोडीचं होतं. माणसानं आकाशाकडे फेकलेल्या सगळ्यात ताकदवान आवाजांपैकी एक. तेवढ्याच ताकदीचं रडार ४.२ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्सिमा या सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याजवळून कोणी नेमकं आपल्याकडे रोखलं, तर या कर्ण्यात १ हर्ट्झच्या चाळणीत, एका सेकंदात, गोंगाटाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ताकद पडते. दोन-अडीच तास तोच सूर न हलता साठवला तर तो ओळखू यावा. ऐकायला आशादायक वाटतं, पण डोंगलचं घड्याळ तितका वेळ १ हर्ट्झवर स्थिर राहत नाही. शिवाय प्रॉक्सिमा आपल्या दक्षिण क्षितिजापासून सात अंशांच्या वर चढतच नाही. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्यासाठी हाच हिशेब सलग दोन वर्षांवर जातो. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे.

आणि हे रडार सतत चालू नव्हतं, सतत एकीकडे रोखलेलंही नव्हतं. १९७४ मध्ये अरेसिबोहून एम-१३ या तारकागुच्छाकडे पाठवलेला निरोप तीन मिनिटांहून कमी वेळाचा होता. तो तिथं पोचायला सुमारे २५ हजार वर्षं लागतील. तिथल्या कोणी आपल्यासारखंच वागायचं ठरवलं, तर आपण त्यांची ती तीन मिनिटं पकडायची तरी कशी? आकाश गप्प आहे असं म्हणण्याइतकं ते अजून कोणी ऐकलेलंच नाही.

निरोप न येण्याचं दुसरं कारण वेळेचं. जीव चिवट असतो, ते लोणारला दिसतं: सोड्याच्या, माशांना न सोसणाऱ्या त्या पाण्यात मीठ-प्रिय सूक्ष्मजीव मजेत राहतात, आणि जून २०२० मध्ये त्यांनीच तळं गुलाबी केलं होतं. पण सूक्ष्मजीव रेडिओ लावत नाहीत. पृथ्वीवर जीव आहे त्याला साडेतीनशे कोटी वर्षं झाली, रेडिओला सव्वाशे-दीडशे. ती सगळी वर्षं एका वर्षात बसवली तर रेडिओचं वय सव्वा सेकंद भरतं, झटका मशीनच्या दोन टकटकींमधलं अंतर. आजपर्यंत सहा हजारांच्या आसपास परग्रह (दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह) सापडले. त्यांतल्या पुष्कळांवर जीव असला, तरी त्याचा सव्वा सेकंद आणि आपला सव्वा सेकंद एकाच वेळी येणं हीच अवघड गोष्ट आहे. जीव असेल हे आम्ही मानतो. आवाज का नाही, याचं कोडं त्यानं फारसं अवघड होत नाही.

शाळेला, विज्ञान मंडळाला, गच्ची किंवा मोकळं वावर असलेल्या हौशी माणसाला हे किट घ्यायला हरकत नाही. दिवसभर इन्व्हर्टरची घरघर असलेल्या बाजारपेठेतल्या दुकानावर लावणार असाल तर पैसे फुकट जातील. सोबत एक जाड वही हवी: तारीख, घड्याळाची वेळ, कर्ण्याचा कोन, गेन (संदेश किती वाढवला ते), थ्री फेज होती की नव्हती, आणि पातळी. थ्री फेजचा रकाना गाळला तर महिनाभराच्या नोंदी वाया जातात.

कर्ण्याच्या तोंडावर पातळ प्लास्टिक ताणून बांधा, नाहीतर पंधरा दिवसांत गांधीलमाश्या आत घर करतात. केबल माकडांच्या हाताला लागणार नाही अशी पाइपातून न्या. आणि पहिला वळवाचा गडगडाट ऐकू आला की केबल काढून कर्णा खाली उतरवा. आपल्याकडे वीज दरवर्षी माणसं आणि ढोरं नेते, आणि उंचावरचा पत्र्याचा कर्णा तिला बोलावणं धाडल्यासारखाच असतो. जून ते सप्टेंबर तो घरात उपडा ठेवा. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा चढवताना तारेचं ५ सेंटीमीटर माप परत तपासा आणि हिरवट झालेलं तांबं पॉलिश पेपरनं घासून घ्या.