एच की व्ही? भुसावळच्या उन्हात टायर निवडताना
टायरवर '195/65 आर15 91 एच' असं काहीतरी लिहिलेलं असतं. शेवटचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी 210 किमी, व्ही म्हणजे 240. (91 हा भार, एका टायरवर 615 किलो. तो दोन्हींत सारखाच मिळतो.) धुळे-जळगाव रस्त्यावर केळीचे ट्रक चुकवत 210 कोण गाठणार?

पण खरा मामला उष्णतेचा. चाचणीत टायर भार देऊन पोलादी ड्रमवर दाबतात आणि वेग टप्प्याटप्प्याने चढवतात. मर्यादा ओलांडली की दबलेलं रबर पूर्ववत व्हायच्या आतच पुन्हा दबतं, त्यावर लाट उभी राहते, टायर आतून तापतो आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा रबराचा थर) सुटून उडतो. व्हीची बांधणी हा क्षण लांबवते, एवढंच. बदल्यात खिसा हलका होतो.

हवा कमी असेल तर 100 च्या वेगातही टायर असाच तापतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे डांबर आधीच भाजत असतं. कमी हवेच्या व्हीपेक्षा नीट हवेचा एच मला कधीही चालेल. गाडीला कंपनीनेच व्ही दिला असेल तर मात्र एचवर उतरू नका.