जुनी हार्ड डिस्क ३०० रुपयांना दिली आणि आईंचे फोटो गेले

माझे सासरे, अण्णा, यांचा डेस्कटॉप २०१३ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, सुरू व्हायला सात-आठ मिनिटं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले, तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले होते की हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा वेगवान डिस्क, बसवून घेऊ. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं मीच. नंबर नेटवरून काढला तोही मीच.

१ टीबी एसएसडी ३,२००, जादा रॅम ९००, 'ओरिजिनल विंडोज ११' चे १,१००, मजुरी ५००. झाले ५,७००. जुनी हार्ड डिस्क घेऊन जातो म्हणून ३०० वजा. ५,४०० मी यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, त्याच्या स्वतःच्या नावावर. 'बिल व्हॉट्सॲप करतो' म्हणाला.

एसएसडी बसवण्याआधी मी हातात घेऊन पाहिली होती. स्टिकर तिरका, एका कोपऱ्यात हवेचा फुगा आणि कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त. मला दिसलं होतं हो! विचारलंही, "दादा, नाव असं का?" तो म्हणाला, "मॅडम, ओईएम माल (म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचा) असाच येतो." आणि मी गप्प बसले. एवढ्या जुन्या प्रोसेसरवर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ ला मान्यताच देत नाही, हेही मला माहीत होतं. पण ऑफिसात मार्चएंड, फोनवर फोन, आणि समोर अण्णा खूश, की पीसी अर्ध्या मिनिटात सुरू झाला. त्या क्षणी कोणाला संशय येईल? फोटो कॉपी झाले, त्याने दोन-चार उघडून दाखवले, तेही उघडले.

तीन आठवड्यांनी अण्णांना आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, सत्यनारायणाच्या पूजेतला फोटो हवा होता. फाइलचं नाव आहे, साइज आहे, फोटो उघडत नाही. पुढचा नाही, त्याच्या पुढचाही नाही. एसएसडी काढून माझ्या लॅपटॉपला लावली, डिस्कची खरी जागा तपासणारं एचटूटेस्टडब्ल्यू चालवलं. खरी जागा ५८ जीबी! अशा नकली एसएसडीत आतल्या कंट्रोलर चिपला १ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं सगळं लिहिल्याचं नाटक. फोटो-व्हिडिओ होते १८० जीबी. आई २०१९ मध्ये गेल्या, त्यांचा आवाज असलेले व्हिडिओ त्यातच होते.

एसएसडी कोणाकडूनही घ्या, पण पूर्ण भरून तपासल्याशिवाय जुनी डिस्क घराबाहेर जाऊ देऊ नका. अण्णांच्या पासबुकाचे, आधारचे स्कॅनही त्या डिस्कवर होते, आणि मी ती ३०० रुपयांसाठी दिली.

त्याचा फोन आता बंद आहे. चौकीत गेले तर म्हणे, "ताई, पाच हजारांसाठी कुठे तक्रार लिहून देता?" मी म्हटलं पाच हजारांसाठी नाही, डिस्कसाठी आलेय. तर म्हणे डिस्क तुम्ही स्वखुशीने विकलीत. सायबर पोलिसांकडे जा. तिथे ऐकवलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तू घरी आहे, हा सायबरचा विषय नाही. हेल्पलाइनवर वीस मिनिटं धरून शेवटी प्रश्न काय, तर बिल आहे का! बिल असतं तर मी फोन कशाला केला असता? चौथ्या ठिकाणी अर्ज घेतला, पोच दिली नाही. 'साहेब आले की या.' साहेब अजून यायचेत. आणि प्रत्येकजण तेच विचारतो, तुम्ही शिकलेल्या असून कसं फसलात?

वकील मैत्रीण म्हणाली, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, यूपीआयची नोंद जोड. जोडणार आहे. तुम्ही मात्र बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पार्टचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

नाशिकमध्ये जुने पार्ट घेणाऱ्या कोणाकडे ५०० जीबीची एक हार्ड डिस्क आली असेल, तर तिच्यावर निळ्या मार्करने अण्णांच्या अक्षरात 'घर' लिहिलंय. कृपया फॉरमॅट करू नका. मागाल ते पैसे देईन.