पुण्याहून सायकलनं: पवन मावळ, पाबे घाट की पुरंदर?

पाऊस लागला की सायकलवाल्यांमध्ये एकच विचारणा सुरू होते: रविवारी कुठे? उत्तरंही ठरलेली असतात. सिंहगड, ताम्हिणी, लवासा. तिन्ही रस्ते देखणे आहेत, पण शांतपणे सायकल चालवायची असेल तर सुट्टीच्या दिवशी तिन्ही बाद धरा. ज्या रस्त्याच्या शेवटी धबधबा, गड किंवा रिसॉर्ट आहे, तो रस्ता उजाडून दोन तास झाले की चारचाकींचा होतो. म्हणून इथे मी मुख्यतः असे तीन रस्ते घेतले आहेत जे कुठल्या प्रसिद्ध जागी जाऊन थांबत नाहीत, तर एका खोऱ्यातून चढून दुसऱ्यात उतरतात.

निवड करताना बहुतेक जण किलोमीटर आणि चढ बघतात. माझ्या मते त्याआधी शहरातून बाहेर पडायला आणि परत आत शिरायला किती त्रास आहे ते बघावं. मधला भाग सगळीकडेच सुंदर आहे. दिवस बिघडतो तो चांदणी चौक, सिंहगड रस्ता किंवा कात्रज इथे.

पौड, कोळवण, पवन मावळ

चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पुढे पौड. पिरंगुटपर्यंतचा पट्टा आता जवळपास शहरच झाला आहे आणि औद्योगिक वसाहतीमुळे ट्रक, डंपरही असतात. सकाळी सहाच्या आत पिरंगुटचा घाट मागे पडला पाहिजे. पौडला मुळशीकडे जाणारी सगळी गर्दी सरळ निघून जाते, आपण उजवीकडे कोळवणचा रस्ता धरायचा, आणि तिथून खरी सायकल सुरू होते.

कोळवणचं खोरं म्हणजे दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये भातखाचरं, आणि मधून फारसा चढउतार नसलेला रस्ता. आषाढात इथे लावणी चालू असते. तेव्हा रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल सांडलेला असतो आणि ओल्या डांबरावर तो साबणासारखा घसरतो. वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच कमी करून घ्यायचा. हाडशीनंतर खिंडीचा चढ लागतो. तो चढून पलीकडे उतरलं की समोर तिकोना, त्याच्या मागे तुंग आणि मध्ये पवना धरणाचं पाणी. तिकोना पेठेवरून जवणमार्गे पवनानगरला पोचता येतं.

परतीला दोन पर्याय आहेत. बहुतेक जण कामशेतला निघतात आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं घरी येतात. मला त्यापेक्षा पवनानगरहून बेबडओहोळ, परंदवडीवरून सोमाटणे फाट्याला येणारा रस्ता आवडतो. महामार्गाचा बराच तुकडा वाचतो आणि पवनेच्या खोऱ्यातच जास्त वेळ राहता येतं. सोमाटण्यापासून पुढे मात्र देहूरोड, निगडी, पिंपरी हा सगळा प्रकार आहेच. कोथरूडहून निघून कोथरूडला परत असा हा फेरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना तो सरळसरळ सोयीचा आहे. दक्षिण पुण्यात राहत असाल तर शेवटचे दोन तास जड जातात. तसं असेल तर तिकोना पेठेतून आल्या वाटेनं परत फिरा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर, हा हिशोब दमलेल्या पायांना फार उपयोगी पडतो.

खानापूर, पाबे घाट, वेल्हे

तिघांत कष्टाचा आणि तिघांत मला सर्वांत प्रिय. सिंहगड रस्त्यानं खडकवासला, डोणजे, खानापूर. डोणज्यापर्यंत सोबतीला सिंहगडावर निघालेल्या मोटरसायकली असतात. गोळेवाडीकडे त्या वळल्या की रस्ता एकदम मोकळा होतो. खानापूरला पानशेतचा रस्ता सोडून रांजण्याच्या दिशेनं जायचं, आणि मग पाबे घाट.

हा घाट ताम्हिणीसारखा लांबलचक आणि सौम्य नाही. वळणांवर तो अचानक उभा राहतो. पुढे ५०-३४ दातांची चक्रं आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांच्या संचात, सर्वांत मोठं चक्र किमान ३२ दातांचं असेल तर बसून चढता येतो, नाहीतर उभं राहून पॅडल मारावं लागतं आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटतं. पण या रस्त्याला गाड्या फार कमी. चढताना स्वतःचा श्वास, ओढ्याचा आवाज आणि गुराख्याची हाक एवढंच ऐकू येतं. माथ्यावरून तोरणा दिसतो, ढग नसले तर. १४०३ मीटर उंचीचा हा जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि पलीकडे उतरताना तो सतत डोळ्यांसमोर राहतो. उतार मात्र हातात धरूनच उतरायचा. कडेला दगड पडलेले असतात आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं.

वेल्ह्यात चहा-मिसळ मिळते, पाणी भरून घेता येतं. तिथून विंझर, मार्गासनी करत नसरापूर. हा पट्टा एकूण उतरता, नदीच्या सोबतीचा, उजव्या हाताला राजगडाचा डोंगर. पावसाळी शनिवार-रविवारी राजगड आणि तोरण्याला येणाऱ्या ट्रेकर्सच्या गाड्या समोरून येतात, पण त्या सकाळी लवकर येऊन जातात. तुम्ही दहाच्या सुमारास तिथे असाल तर रस्ता परत शांत झालेला असतो. वेळ असला तर नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत थोडं बसून घ्या, कारण पुढचा तुकडा कोरडा आहे: चेलाडी फाट्यापासून खेड शिवापूर, शिंदेवाडी असा महामार्ग. शिंदेवाडीला नवा बोगदा सोडून जुन्या कात्रज घाटाला लागायचं. घाट मोठा नाही, पण १०० किलोमीटर झाल्यावर तो लागतो हे लक्षात ठेवून पाय राखायचे. पूर्ण फेरा साधारण १२० किलोमीटर.

एक स्पष्ट सांगतो. पाबे घाटात पंक्चरचं दुकान नाही, मोबाईलचं नेटवर्कही भरवशाचं नाही. दोन ट्यूब, पंप, चेन जोडायची कडी आणि सोबत निदान एक माणूस हवा. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी हा रस्ता घेऊ नका, दरडी पडतात. हा घाट सप्टेंबरच्या अखेरीस चढावा: सोनकी, तेरडा फुललेला असतो आणि भात पोटरीत आलेला असतो.

बोपदेव, सासवड, नारायणपूर

पुरंदरला मावळासारखी गर्द हिरवाई नाही. हा अवर्षणाकडे झुकणारा भाग, पाऊस कमी, डोंगर बोडके. पण म्हणूनच ज्या दिवशी ताम्हिणी-मुळशीला रस्ता दिसत नाही इतका पाऊस असतो, त्या दिवशी इथे ढगाळ हवेत कोरड्या डांबरावर सायकल चालवता येते. श्रावणात माळही हिरवे होतात, आणि सीताफळाच्या व अंजिराच्या बागा आहेतच.

कोंढवा, येवलेवाडीवरून बोपदेव घाट. छोटा पण खडा. चढून भिवरी, चांबळी करत सासवड, मग नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळ आणि महामार्गानं परत जुना कात्रज घाट. ९० किलोमीटरच्या आसपास. उलट दिशेनं जावं असं काही जण म्हणतात, कारण सासवडकडे येताना वारा पाठीवर मिळतो. मी तरी बोपदेव पहाटे चढूनच घेतो. सासवडहून पुण्याला नोकरीसाठी येणाऱ्यांची रहदारी त्या घाटात खूप वाढली आहे आणि ओल्या उतारावर त्या गर्दीत सायकल आवरणं चढण्यापेक्षा वाईट. पहाटे म्हणजे उजाडल्यावर. अंधारात एकट्यानं किंवा एकटीनं बोपदेवला जाऊ नये, हे गांभीर्यानं घ्या. दिवे घाटाचा विचारही नको, तिथे अवजड वाहनं आहेत.

नारायणपूरला दत्ताचं देऊळ आहे. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, गाड्यांची रांग लागते. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी सासवडला असते, तेव्हाही हा फेरा सोडून द्यावा.

मग कोणता?

पूर्ण दिवस आहे, पाय तयार आहेत, सोबत आहे, तर पाबे घाट. यात मला शंका नाही. शांततेच्या बाबतीत बाकी दोन्ही रस्ते त्याच्या जवळपास येत नाहीत. चढ झेपत नाही पण हिरवं खोरं हवं, तर कोळवण, आणि तिकोन्यापर्यंत जायलाच हवं असं नाही. हाडशीची खिंड चढण्याआधी मागे वळलात तरी खोऱ्याचा मोठा भाग पाहून होतो. पुरंदर हे मुसळधार पावसाचं आणि हिवाळ्याचं उत्तर आहे. ऑगस्टच्या उघडिपीत तिकडे जाणं म्हणजे मावळ वाया घालवणं.

दुपारी बाराच्या आत घरी पोचायचं असेल तर तिन्ही सोडा. वारजे, शिवणे, एनडीएच्या कडेनं कुडजे, आगळंबे, मांडवी, बहुली हा रस्ता घ्या. खडकवासल्याचं पाणी आणि डोंगर यांच्या मधून जाणारा हा रस्ता आहे, चढ लहान लहान, गावं छोटी. पश्चिम पुण्यात राहणाऱ्यांना यापेक्षा जवळचं काही नाही.

आणि घरात नुकती सायकल शिकलेली मुलं असतील, किंवा बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणार असाल, तर गाडीवर सायकली टाकून कान्हे फाट्याला जा. तिथून टाकवे बुद्रुकवरून आंदर मावळात आत शिरता येतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं इंद्रायणी हे भाताचं वाण याच मावळात सगळीकडे दिसतं. टाकव्याच्या कारखान्यांपर्यंत थोडी रहदारी असते, नंतर रस्ता ठोकळवाडी धरणाच्या बाजूनं खांडीकडे जातो. शहराचा भाग गाडीत जातो, त्यामुळे सगळा दम रस्त्यासाठी उरतो. मुलं दमली की कुठूनही मागे वळायचं.