फेसबुकच्या जुन्या पोस्ट आवरणं: सात महिन्यांच्या वापरानंतर

खातं 2009 चं, फोन अँड्रॉइड, सोबतीला लॅपटॉप, मुक्काम इंदूर. फेसबुकच्या ‘ॲक्टिव्हिटी लॉग’मधली (म्हणजे आपण फेसबुकवर केलेल्या सगळ्याच्या यादीतली) ‘मॅनेज ॲक्टिव्हिटी’ ही सोय सात महिने जवळजवळ रोज वापरल्यावर हे लिहिलं आहे. सोय जून 2020 मध्ये आली. तिच्यात तारखेची चाळणी लावून गठ्ठ्याने निवडता येतं आणि निवडलेलं ‘अर्काइव्ह’ किंवा ‘ट्रॅश’मध्ये टाकता येतं. अर्काइव्हमधलं फक्त आपल्याला दिसतं आणि आपण हलवेपर्यंत तिथेच राहतं. ट्रॅशमधलं 30 दिवसांनी कायमचं जातं, तोवर परत आणता येतं.

सोय चांगली आहे, वापरावीच. पण काय पुसायचं हे ठरवण्याआधी काय वाचवायचं ते ठरवा. कारण पोस्ट गेली की तिच्याखालच्या दुसऱ्यांच्या कॉमेंट्सही जातात, आणि त्या परत मिळवायचा दुसरा रस्ता नाही. त्यावर पुढे सविस्तर येतंच.

आधी दोन मिनिटांचं काम. मे 2014 पर्यंत नव्या खात्याची पहिली पोस्ट आपोआप ‘पब्लिक’ जायची, त्यानंतर ‘फ्रेंड्स’ झाली. त्यामुळे ज्यांची खाती त्याआधीची आहेत त्यांच्या पहिल्या काही वर्षांच्या पोस्ट जगाला उघड्या असण्याची शक्यता मोठी. सेटिंग्जमध्ये ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ असा पर्याय आहे. तो एकदा दाबला की सगळ्या जुन्या पब्लिक आणि ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स’ पोस्ट एका फटक्यात ‘फ्रेंड्स’ होतात. दोन गोष्टी लक्षात असू द्या. हे एका बटणाने उलटं फिरवता येत नाही, एखादी पोस्ट पुन्हा पब्लिक हवी असेल तर ती एकेक करून बदलावी लागते. आणि पोस्टमध्ये ज्यांना टॅग केलंय त्यांना ती दिसतच राहते. पण घराला कडी लावून मग आत निवांत आवरायला बसावं, तसं हे काम. हे केल्यावर उरलेल्या कामाची घाई राहत नाही.

मग प्रत उतरवून घ्या. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स सेंटर’मधून आपली माहिती डाउनलोड करायची विनंती टाकता येते. फाइल तयार झाल्याची सूचना येते आणि ती चार दिवसच उपलब्ध असते. म्हणून बाहेरगावी निघण्याच्या आदल्या दिवशी विनंती टाकू नये. फाइलचा प्रकार विचारला जातो: एचटीएमएल की जेसन. मराठीत लिहिणाऱ्यांनी डोळे झाकून एचटीएमएल घ्यावं. जेसनमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन सांकेतिक तुकड्यांत फोडलेलं येतं. साध्या नोटपॅडमध्ये उघडलं की ‘गणपती बाप्पा’च्या जागी तिरक्या रेघा, आकडे आणि शून्यांची रांगोळी दिसते. मजकूर हरवलेला नसतो, पण तो जुळवायला प्रोग्रॅमिंग येणारा माणूस लागतो. एचटीएमएलची फाइल ब्राउझरमध्ये उघडली की मराठी सरळ वाचता येतं.

फोटोंची दर्जापातळी ‘हाय’ ठेवा आणि सगळी वर्षं एकदम मागू नका. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर असा एकेका वर्षाचा तुकडा मागा. झिप लहान येते, अर्धवट उतरली तरी नुकसान एका वर्षापुरतंच. यामागचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फेसबुकवर चढवलेल्या फोटोतून कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख निघून जाते. उतरवलेले फोटो गॅलरीत टाकले की 2011 ची मुंज आणि 2019 ची भाऊबीज, सगळं आजच्या तारखेखाली एकत्र येऊन पडतं. वर्षवार फोल्डर केलेलं असेल तर निदान साल तरी हाताशी राहतं.

आता कॉमेंट्स. या प्रतीत आपण लिहिलेल्या पोस्ट येतात, आपण दुसरीकडे केलेल्या कॉमेंट्स येतात, पण आपल्या पोस्टखाली इतरांनी लिहिलेलं येत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि ट्रॅशचे 30 दिवस उलटल्यावर कळून उपयोग नसतो. आजोबांच्या फोटोखाली त्यांच्या मिल-मधल्या सोबत्याने लिहिलेली आठवण, ‘सुखरूप पोचलो’ या दोन शब्दांखाली आत्याने टाकलेला ‘अनेक आशीर्वाद’, आणि आता ती आत्याच नाही. पोस्ट दोन शब्दांची, ठेवा खालचा असतो. अशा पोस्टला ट्रॅशमध्ये टाकूच नका, अर्काइव्ह करा. अर्काइव्हमध्ये कॉमेंट्स जशाच्या तशा राहतात, आणि पोस्ट पुन्हा प्रोफाइलवर आणली तर त्यांच्यासकट येते.

बाहेरही प्रत हवी असेल तर लॅपटॉपवर पोस्टच्या तारखेवर क्लिक करून ती स्वतंत्र उघडा. कॉमेंट्सच्या वर ‘मोस्ट रेलेव्हंट’ लिहिलेलं असतं, त्यात काही कॉमेंट्स झाकलेल्या राहतात. ते बदलून ‘ऑल कॉमेंट्स’ करा, खालची उत्तरं एकेक उघडा, ‘सी मोअर’ही दाबा. मग प्रिंट देऊन पीडीएफ करण्याचा मोह होतो, पण पोस्ट पानावरच्या वेगळ्या खिडकीत उघडलेली असली की छपाई बहुधा पहिल्या पानावरच तुटते. त्यापेक्षा सगळा मजकूर निवडून वर्डमध्ये चिकटवा. नावं, क्रम, देवनागरी सगळं नीट येतं. वर पोस्टची तारीख मात्र हाताने लिहा, कारण कॉमेंट्सपुढे नुसतं ‘12 वर्षं’ एवढंच चिकटतं.

एवढं झाल्यावर पुसायला बसा. सुरुवात वर्षांपासून नको, धोक्यापासून करा. आपल्याकडच्या खात्यांत हमखास सापडणारा माल असा: लग्नाच्या स्थळासाठी टाकलेला बायोडेटा, ज्यात जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचा मोबाइल आणि घरचा पत्ता एकाच कागदावर असतो. पत्त्यासकट लग्नपत्रिका. मुलांच्या गुणपत्रिका, रोल नंबरसकट. नव्या गाडीच्या पूजेचा फोटो, नंबरप्लेट स्वच्छ वाचता येईल असा. 2021 चं लसीकरण प्रमाणपत्र. त्यावर आधारचे शेवटचे चार आकडे आणि क्यूआर कोड असायचा, आणि ते समाजमाध्यमांवर टाकू नका असं केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सायबर दोस्त’ या सायबर-सुरक्षेच्या ट्विटर खात्याने त्याच वर्षीच्या मे महिन्यात सांगितलं होतं. त्याच दिवसांतल्या ऑक्सिजन, रक्त, प्लाझ्मासाठीच्या हाका, ज्यांत भलत्याच माणसांचे मोबाइल नंबर अजून लटकलेले आहेत. हे सगळं थेट ट्रॅशमध्ये.

हे शोधायला प्रोफाइलवरचं भिंग वापरा, पण इंदुरात एक अडचण मोठी आहे. आपण एकच शब्द चार तऱ्हांनी लिहितो. घरच्यांसाठी ‘गणपती’, हिंदी मित्रांसाठी ‘गणपति’, फोनवर घाईत रोमन अक्षरांत, त्यातही स्पेलिंग दरवेळी निराळं. ‘पत्रिका’ शोधून सापडत नाही कारण त्या दिवशी ‘निमंत्रण’ लिहिलेलं असतं किंवा हिंदीत ‘कार्ड’. म्हणून प्रत्येक शब्द मराठीत, हिंदीत आणि रोमनमध्ये असा तीनदा शोधायचा. दुकानावरून ‘कृतिदेव’ या जुन्या देवनागरी फाँटमध्ये टाइप करून आणलेला मजकूर कुणी थेट चिकटवला असेल तर तो फेसबुकवर रोमन अक्षरं आणि ठिपक्यांचा गिचमिडा दिसतो, तो कुठल्याही शोधात येणार नाही. फोटोच्या आत छापलेली अक्षरंही या शोधाच्या भरवशावर सोडू नका. बायोडेटा आणि पत्रिका बहुधा फोटोच असतात, तेव्हा फोटोंची यादी डोळ्यांनीच बघावी लागते. त्याला पर्याय नाही.

सणांच्या पोस्टसाठी तारखेची चाळणी लावताना लक्षात ठेवा, फेसबुक इंग्रजी तारखेने चालतं, आपले सण तिथीने. गणेश चतुर्थी 2020 मध्ये 22 ऑगस्टला होती, 2023 मध्ये 19 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांचे, फोटो गोळा करायचे तर दरवर्षी 20 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर असा पट्टा लावा, म्हणजे काही सुटत नाही. रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे इंदुरातल्या रंगांच्या मिरवणुकीसाठी, मार्च लावून एप्रिलचा पहिला आठवडा जोडावा.

गठ्ठा किती मोठा घ्यावा? पन्नासच्या आत. यादी खाली सरकवत दोनशे निवडले आणि पान मध्येच ताजं झालं की सगळी निवड पुसली जाते. खूप वेगाने लागोपाठ काढत गेलं की काही वेळा ‘काहीतरी चुकलं’ असा संदेश येतो किंवा ती क्रिया थोडा काळ बंद होते. तेव्हा पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, दुसऱ्या दिवशी या. रोज वीस मिनिटं बसणं आणि एका वेळी एकच वर्ष हाती घेणं यात काम सर्वांत सुरळीत होतं. काढलेल्या पोस्ट यादीत कधी कधी थोडा वेळ तशाच दिसतात. ट्रॅश उघडून खात्री करा, तिथे असतील तर काम झालेलं आहे.

याला जोडून ‘मेमरीज’चा उपयोग फार चांगला होतो. सकाळी आजच्या तारखेच्या जुन्या पोस्ट उघडायच्या, पाच-दहाच असतात, त्या तिथल्या तिथे ठेवायच्या की काढायच्या ते ठरवायचं. वर्षभरात कॅलेंडरचा एक फेरा पुरा होतो. गठ्ठ्याने निवडताना हात यांत्रिक होतो, इथे प्रत्येक पोस्ट वाचली जाते. मेमरीजमध्ये सगळंच येत नाही, त्यामुळे हा मुख्य मार्ग नव्हे, पण नाजूक निवडीसाठी यासारखं दुसरं काही नाही.

कॉमेंट्स आणि लाइक्सची यादी निराळी असते. आपण दुसऱ्याच्या पोस्टवर केलेली कॉमेंट काढली की ती ट्रॅशमध्ये जात नाही, तिथेच संपते. म्हणून हे काम सगळ्यांत शेवटी ठेवावं. समूहांतल्या पोस्टही वेगळ्या यादीत. समूह सोडला म्हणून तिथलं आपलं लिखाण जात नाही, आणि खाजगी समूहातून एकदा बाहेर पडलं की ते उघडून बघणंही बंद होतं. आधी पोस्ट काढा, मग समूह सोडा. गणेश मंडळाचं पेज असेल तर त्याच्या पोस्ट आपल्या लॉगमध्ये शोधू नका, पेजच्या प्रोफाइलवर जाऊन त्याचा लॉग उघडावा लागतो. मंडळाच्या आरतीचे जुने लाइव्ह व्हिडिओ शोधत असाल तर फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक लाइव्हचं चित्रण 30 दिवसच ठेवतं, आणि त्याआधीची चित्रणंही मुदत देऊन काढली गेली. कुणाच्या फोनवर किंवा पेनड्राइव्हवर मूळ प्रत आहे का, तेवढाच शोध उरतो.

एका क्लिकमध्ये सगळं साफ करणारी ब्राउझर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधनं, मिळतात. ती वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती पानावरची बटणं आपल्या वतीने दाबत जातात. फेसबुकने पानाची मांडणी बदलली की ती अडकतात किंवा भलतंच बटण दाबतात. बरीचशी इंग्रजी नावांवर बटणं ओळखतात, त्यामुळे फेसबुक मराठीत किंवा हिंदीत ठेवलेलं असेल तर चालतच नाहीत. आणि बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागणारं एक्स्टेन्शन बँकेचं पानही वाचू शकतं. आत्याची ती कॉमेंट ठेवायची की नाही हे तर त्याला कळणारच नाही.

इन्स्टाग्रामवर गठ्ठ्याने काढायची सोय 2022 च्या फेब्रुवारीत आली. ‘युअर ॲक्टिव्हिटी’मध्ये ती सापडते, जुन्यापासून नव्याकडे क्रम लावता येतो, ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये 30 दिवस पोस्ट राहते. छोटं खातं एका दुपारी होतं. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, गठ्ठ्याने काढायची सोयच नाही. 2023 मध्ये एपीआय, म्हणजे बाहेरच्या सेवांना एक्सशी जोडणारा दुवा, सशुल्क झाल्यावर पूर्वीच्या बऱ्याच फुकट सेवाही बंद पडल्या. तिथे प्रगत शोधात आपलं नाव आणि तारखांचा पट्टा टाकून हाताने काढणं एवढंच राहतं.

काढलेली पब्लिक पोस्ट गूगलच्या शोधात काही दिवस दिसत राहिली तर घाबरू नका. कालबाह्य मजकुरासाठी गूगलचं स्वतंत्र साधन आहे, त्यात त्या पानाचा दुवा द्यायचा.

शेवटी उरतं ते दुसऱ्यांच्या खात्यावरचं. टॅग काढला की आपलं नाव सुटतं, फोटो तिथेच राहतो. तिथे कुठलंच बटण चालत नाही, विचारावं लागतं. ‘काका, तुम्ही टाकलेले जुने फोटो काढा’ असं मोघम लिहिलं तर काकांना काय काढायचं ते कळत नाही आणि वाईटही वाटतं. पोस्टची लिंक घ्या आणि ती जोडून एकच गोष्ट मागा: ‘काका, 2012 च्या मुंजीच्या अल्बममध्ये पत्रिकेचा एक फोटो आहे, त्यावर घरचा पत्ता आणि बाबांचा नंबर दिसतो. तेवढा एक काढाल का? बाकीचे फोटो राहू द्या, छान आहेत.’