प्राध्यापकांचं समाधान मोजायला स्पेक्टरची प्रश्नावली कितपत कामाची?

मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची नोकरीतलं समाधान मोजणारी १९८५ची ही प्रश्नावली (जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे) शिक्षण-संशोधनाच्या बिगर-व्यावसायिक कामासाठी फुकट वापरता येते. ३६ विधानं, प्रत्येकाला १ (पूर्ण असहमत) ते ६ (पूर्ण सहमत) गुण. पगार, बढती, वरिष्ठ, सवलती, कामाची दखल, कार्यपद्धती, सहकारी, कामाचं स्वरूप आणि संवाद असे ९ भाग, प्रत्येकी ४ विधानांचे.

एकूण बेरीज (३६ ते २१६) मात्र फसवी. अनुदानित पदावरच्या प्राध्यापकाने पगाराला भरघोस गुण दिले की प्राचार्यांचा जाच त्यात झाकला जातो. महाविद्यालयातलं वातावरण पाहायचं तर वरिष्ठ, दखल, कार्यपद्धती, सहकारी आणि संवाद हे पाच भाग सुटे वाचावेत. प्रत्येकाचे गुण ४ ते २४. १२ किंवा त्याखाली गेले तर नाराजी समजावी. कार्यपद्धतीच्या भागात कागदी कामावर थेट विधान आहे, म्हणून नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली चालू असताना पाहणी घेऊ नये. तेव्हा कुठलंही महाविद्यालय नापासच होईल!

गुणांकनात हमखास घोळ होतो. १९ विधानं उलटी आहेत, म्हणजे त्यांना सहमती दिली तर नाराजी दिसते. त्यांचे गुण ७मधून वजा करून धरायचे. लाल फितीमुळे काम अडण्याबद्दलचं १५वं विधान उलटं वाटतं, पण ते सरळच आहे. त्यातलं ‘क्वचितच अडतं’ मराठीत ‘सहसा अडत नाही’ केलं, तर ‘असहमत’ म्हणताना भलेभले गोंधळतात.

‘वरिष्ठ’ म्हणजे विभागप्रमुख, प्राचार्य की संस्थाचालक, हे फॉर्मवर ठळक लिहावं; नाहीतर प्रत्येकजण आपापल्या डोक्यातल्या माणसाला गुण देतो. तासिका तत्त्वावरच्यांना बढतीची विधानं लागूच नाहीत. त्यांच्यासाठी तो भाग वगळावा आणि त्यांचे निकाल वेगळे मांडावेत. पूर्णवेळच्यांशी त्यांची सरासरी काढणं म्हणजे दोघांचंही काही न कळणं.

सगळ्यात मोठी गोम फॉर्म कुणाकडे जातो यात आहे. गुगल फॉर्मवर ईमेल नोंदवणं बंद ठेवा. विभाग, वय आणि लिंग तिन्ही विचारलं, तर चार जणांच्या विभागात नाव विचारल्यासारखंच झालं. उत्तरं आयक्यूएसीकडे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे) गेली तरी लोक हात आखडता घेतात, कारण समन्वयक प्राचार्यांनीच नेमलेला असतो. बाहेरच्या माणसाकडे द्यावीत आणि लहान विभागांचे आकडे एकत्र करूनच दाखवावेत. कोरं सोडलेलं विधान शून्य धरू नये; त्या भागातल्या उरलेल्या विधानांची सरासरी तिथे घालावी, अर्थात उलटे गुण सरळ केल्यावरच.