केजन ऐकायचंय? ‘इव्हँजेलिन मेड’ घ्यावा की ‘अ‍ॅड्यू फॉल्स हार्ट’?

केजन गाण्यांची, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाच्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांच्या गाण्यांची, ओढ लागलेला माणूस कधी ना कधी विचारतोच: सुरुवात कशाने करू? मी ह्यूस्टनला राहतो, गाडीत बहुतेक वेळा हेच लावलेलं असतं, म्हणून इथल्या मराठी मंडळींत हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. 1928 साली जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांनी केलेल्या पहिल्या केजन तबकडीपासून सुरुवात करा, असं सांगणं शास्त्राला धरून होईल. पण त्या खरखरीतून गाणं वेगळं काढायला कान तयार लागतो. नव्या माणसापुढे मी दोनच अल्बम ठेवतो. 2002 चा ‘इव्हँजेलिन मेड’ आणि 2006 चा ‘अ‍ॅड्यू फॉल्स हार्ट’. दोन्ही व्हॅनगार्ड या कंपनीचे, आणि दोन्हींत अ‍ॅन सॅव्हॉय आहे.

अ‍ॅनबद्दल एवढं माहीत असलेलं बरं की ती जन्माने केजन नाही. वाढली व्हर्जिनियात, रिचमंडला. लग्न झालं लुइझियानातल्या युनिस गावच्या मार्क सॅव्हॉयशी, जो अकॉर्डियन स्वतः बनवतो आणि वाजवतोही. मग तिने म्हाताऱ्या वादक-गायकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, गाणी उतरवून घेतली आणि 1984 मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक केलं. सासरची गाणी माहेरवाल्यांपेक्षा नीट सांभाळणारी सून आपल्याकडेही असतेच. दुसऱ्या अल्बममधली तिची जोडीदार म्हणजे लिंडा रॉनस्टॅट, सत्तरच्या दशकात गाजलेली अमेरिकन गायिका. तिची यापेक्षा जास्त ओळख करून द्यायची गरज नसावी.

‘इव्हँजेलिन मेड’ची कल्पना सरळ आहे. निर्मिती अ‍ॅनची. जुनी केजन गाणी, साथीला तिथलेच वादक, आणि गायला बाहेरचे नावाजलेले पाहुणे: जॉन फोगर्टी, रिचर्ड थॉम्पसन, निक लो, रॉडनी क्रोवेल, पॅटी ग्रिफिन, मारिया मकी वगैरे. लिंडाही आहे, अ‍ॅनबरोबर. त्यांच्या जोडगाण्याचं बी इथलंच.

केजन म्हणजे काय हे कळायला हा अल्बम सरस आहे, हे आधीच कबूल करतो. वॉल्ट्झ आणि टू-स्टेप या नाचाच्या लयी आहेत, फ्रेंच आहे, आणि मुख्य म्हणजे अकॉर्डियन मानाच्या जागी बसलेलं आहे. या अकॉर्डियनकडे जरा जवळून बघायला हवं. आपल्या पेटीसारखंच ते पत्तीवर वाजतं, पण बटणं अवघी दहा. तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं, ओढताना दुसरा. एका बटणामागे चार-चार पत्त्या, त्यामुळे आवाज असा की भरल्या नाचघरात माइकशिवाय पोचावा. आणि पट्टी एकच, बहुधा पांढरी एक. आपल्याकडे पेटीवाला गायकाला विचारतो, “काळी चार की पांढरी पाच?” इथे विचारण्याची सोयच नाही. वाद्य जिथे आहे तिथे गळ्याने जायचं. फिडलवाले, म्हणजे व्हायोलिनवालेसुद्धा त्याच्यासाठी तारा एक सूर उतरवून घेतात. जुने केजन गायक वर चढून, जवळजवळ ओरडून का गातात, त्याचं बरंचसं उत्तर या दहा बटणांत आहे.

हे सगळं ‘इव्हँजेलिन मेड’मध्ये ऐकू येतं. मग माझं कुठे अडलं? माणसं बदलण्यात.

केजन गाण्याची बांधणी अशी: एक कडवं, मग अकॉर्डियनची फेरी, मग फिडलची फेरी, मग दुसरं कडवं. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात प्रत्यक्ष गाणं फार थोडं असतं. त्यात दर गाण्याला नवा पाहुणा. या माणसाचा आवाज कुठून लागतोय, हा फ्रेंच शब्द कसा सोडतोय, इकडे कान जेमतेम वळतो तोवर वाद्यं सुरू होतात, एक कडवं आणखी, आणि पाहुणा निघाला. पुढचा दारात उभाच. पहिल्या वेळी याची मजा येते, “अरे, हा तर तो!” असं होतं. नंतर मात्र माझं लक्ष गाण्यावरून उडून कोण गातंय यावरच जायला लागलं. शेजारी कुणी बसलेलं असेल तर आणखीच, कारण त्याला नावं सांगत बसायचा मोह आवरत नाही. गाणारे कमी पडतात असं मी म्हणत नाही, सगळेच मनापासून गायलेत. पण मानवंदना म्हणून काढलेल्या अल्बमची ही जातच आहे. प्रत्येक जण फूल वाहून जातो, मुक्कामाला कोणी राहत नाही. मला मुक्काम हवा होता.

तो ‘अ‍ॅड्यू फॉल्स हार्ट’मध्ये मिळाला. इथे शेवटपर्यंत लिंडा आणि अ‍ॅन, दोघीच. झोझो सिस्टर्स हे त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव. निर्माता स्टीव्ह बकिंगहॅम. साथीला डर्क पॉवेल, अ‍ॅनचा मुलगा जोएल अशी लुइझियानाची मंडळी आणि सॅम बुश, स्टुअर्ट डंकन यांच्यासारखे ब्लूग्रास या अमेरिकन ग्रामीण संगीतातले पक्के हात. इथे पुढे आहेत फिडल आणि गिटार. अकॉर्डियनचं राज्य नसल्यामुळे, मला वाटतं, पट्टी गळ्यांनी ठरवली आहे. दोघी खाली, बोलण्याच्या उंचीवर गातात.

लिंडाचा सत्तरच्या दशकातला खणखणीत आवाज मनात धरून बसलात तर पहिलं गाणं ऐकून दचकाल. तो आवाज इथे नाही. 2000 च्या आसपासपासून गळ्यात काहीतरी बिघडतंय हे जाणवत होतं, असं तिने पुढे सांगितलं. 2013 मध्ये आजाराची बातमी आली, आणि हा तिचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. आता हे माहीत असल्यामुळे आपण उगाच हळवे होऊन ऐकतो की काय, अशी शंका मलाही येते. पण ब्लूग्रासवाल्या बिल मन्रोचं ‘द वन आय लव्ह इज गॉन’ लावून बघा. अ‍ॅनचा आवाज कोरडा, सरळ, एकही मुरकी न घेणारा. त्याला लागून लिंडाचा, थोडा जाड, कडेला किंचित थरथरणारा. दोन सूर इतके जवळ येतात की मध्येच कुठली कोण हे सुटतं, आणि ओळीच्या शेवटी श्वास घेताना पुन्हा दोघी वेगळ्या होतात. ते श्वासही ऐकू येतात. ध्वनिमुद्रणासाठी या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन होतं, पारंपरिक लोकसंगीताच्या गटातल्या नामांकनाबरोबर, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

लुइझियानातल्या क्रिओल या फ्रेंचमिश्रित बोलीतल्या जुन्या कवितेवर डेव्हिड ग्रीलींनी बांधलेलं ‘मारी मूरी’ही इथलंच. दुःख आहे, पण आक्रोश नाही. हे गाणं अकॉर्डियनवर चढवून गायलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करून बघितली, आणि आहे तेच बरं वाटलं.

आता या अल्बमची दुसरी बाजू. शुद्ध केजन शोधणाऱ्याची इथे फसगत होईल. फ्रेंच गाणी मोजकीच, आणि त्यातलं ‘पार्ले-मोआ दामूर’ तर 1930 च्या पॅरिसचं, लुइझियानाशी त्याचा संबंध भाषेपुरता. रिचर्ड थॉम्पसनची दोन गाणी आहेत, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अप्पलाचियन डोंगराळ भागाच्या वळणाचं एक, आणि 1966 मध्ये पॉपमध्ये गाजलेलं ‘वॉक अवे रेने’सुद्धा. नाचावंसं वाटेल असं तर जवळजवळ काहीच नाही. सगळं एका संथ लयीत, त्यामुळे दुपारी गाडी चालवताना डोळे मिटायला लागतात. लुइझियानात लाफायेत शहराच्या पुढे आय-10 महामार्गावर अचाफलाया खोऱ्यातल्या दलदलीवरचा 18 मैलांचा पूल लागतो ना, तिथे मी ‘इव्हँजेलिन मेड’च लावतो. तिथे फिडल-अकॉर्डियनचा तो दणका हवाच.

म्हणजे निवड तुमच्या ऐकण्याच्या वेळेवर आहे. चार माणसं घरी आली आहेत, स्वयंपाकघरात गडबड आहे, लांबचा प्रवास आहे, किंवा या संगीताचा साचा काय हे समजून घ्यायचंय, तर ‘इव्हँजेलिन मेड’. रात्री भांडी आवरून झाल्यावर एकट्याने, आवाज लहान करून ऐकणार असाल तर ‘अ‍ॅड्यू फॉल्स हार्ट’. आणि एकच घ्यायचा म्हणालात, तर मी दुसरा सांगेन, कमी केजन असूनही. साचा नंतरही कळेल. लुइझियानात 1921 पासून शाळांत इंग्रजीची सक्ती झाली, फ्रेंच बोललं म्हणून पोरांनी मार खाल्ला. असं असूनही ही गाणी टिकली ती घराच्या ओसरीवर, चार माणसांत गायली गेली म्हणूनही. ती ओसरी मला या दोघींच्या गाण्यात जास्त जाणवते. तुमच्या कानाला वेगळं वाटू शकतं.

लिंडा आणि गायिका एमिलू हॅरिस यांचा 1999 चा ‘वेस्टर्न वॉल’ आधीच आवडत असेल तर याच जातीचं काहीतरी मिळेल असं समजू नका. तो कवितेच्या अंगाने जाणारा, जास्त नटलेला अल्बम आहे. ‘अ‍ॅड्यू’ त्यापेक्षा साधा.

अकॉर्डियनची तहान अल्बमवर भागणार नसेलच, तर टेक्सासकरांनी शनिवारी पहाटे निघून युनिस गाठावं. ह्यूस्टनहून तीन-साडेतीन तास. मार्क सॅव्हॉयच्या दुकानात शनिवारी सकाळी वादक जमतात ते अनेक वर्षं प्रसिद्ध आहे, फक्त सुरू आहे ना ते निघण्याआधी विचारून घ्या. आणि ‘अ‍ॅड्यू’ घेतलात तर पहिल्यांदा क्रमाने ऐकू नका. ‘मारी मूरी’पासून लावा, मग बिल मन्रोच्या गाण्यावर जा, आणि त्यानंतर पहिल्यावर या.